रघूचा घ

दत्तूमामा पेपरात नसलेल्या बातम्या रोज सकाळी पेपरातूनच मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला हे ठाऊक होतं, कारण पेपर माझा होता.

स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली होती. मी पनवेलात शाळामास्तर. वर्गणी मी भरायची आणि घडी मोडायची शेजारच्या मामांनी! पेपर बगलेत मारून ते थेट एस.टी. स्टँडसमोरच्या नारू न्हाव्याच्या दुकानात जात. बाकावर पाच जण असले तरी मामा सहावे घुसत. कुणी कुरकुरलं की म्हणत, "जागा काय, करावी लागते!"

मग वाचन सुरू. पंतप्रधान, सोन्याचा भाव, क्रिकेट आणि त्याच सुरात, "कातकऱ्यांच्या बायकांची नावं मतदारयादीत घातलीच नाहीत." ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसे, उरलेल्यांच्या तोंडाला साबण.

एकदा मी टोकलंच. "मामा, हे पेपरात कुठाय?"

"मास्तर, घडलंय की नाही?"

"घडलंय. पण छापलेलं नाही."

"मग चूक छापणाऱ्याची. मी दुरुस्त करून वाचतो."

मामांची उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या एका छापखान्यात गेली होती; तिथं ते खिळे, म्हणजे शिशाचं एकेक सुटं अक्षर, जुळवून पेपराच्या ओळी करत.

एका सकाळी ठकी कातकरीण आमच्या पायरीवर येऊन बसली. तिचा नवरा सोमा आठ दिवस कोठडीत होता. कुणाचे तरी नारळ चोरीला गेले आणि जमादारानं समोर दिसला तो कातकरी उचलला. "गुना काय, ता पन सांगत नाय," ती म्हणाली. मामांनी पेपर उचलला आणि निघाले. मीही मागोमाग गेलो.

नारूच्या खुर्चीत नेमका जमादार! मामांनी चष्मा सारखा केला. "पनवेल. सोमा कातकरी यास गुन्हा न सांगता आठ दिवस कोठडीत ठेवले आहे. मुंबईस वरपर्यंत कळले आहे."

नारूचा वस्तरा थांबला. जमादारानं पेपर मागितला तर मामा सोम्याच्या शेजारी जाऊन बसणार! मामांनी मात्र आपणहून पेपर पुढे केला. "बघता का, जमादार?"

"नको, नको," म्हणत जमादार अर्ध्या दाढीनिशी चौकीकडे पळाला. दुपारपर्यंत सोमा सुटला.

आम्ही हसून हसून बेजार. तेवढ्यात ठकी द्रोणभर करवंदं घेऊन आली. "मामा, आमचा नाव हाय तो कागुद द्या. परत धरला तर दावीन."

मी म्हटलं, "घ्या! आता काय दाखवणार?"

मामांनी ट्रंकेतून एक तंबाखूचा डबा काढला. आत थोडे सुटे खिळे होते आणि सुतळीनं घट्ट बांधलेल्या चार ओळी. खिळ्यांवरची उलटी अक्षरं मला वाचता येईनात. मामांनी त्यांवरून बोट फिरवलं.

"रघू. माझा धाकटा मुलगा. उरणकडं एका मिठागरावर मजुरांच्या बाजूनं बोलला, म्हणून मुकादमाच्या माणसांनी मारला. बातमी मीच जुळवली. ऐन वेळी साबणाची जाहिरात आली. संपादक म्हणाले, जागा नाही. माझ्या ह्याच हातांनी काढली, मास्तर."

मामा सोम्याची बातमी जुळवायला बसले, पण सुटे खिळे पुरत नव्हते. मामांनी सुतळी सोडली.

मी त्यांचा हात धरला. "मामा, ती राहू द्या हो."

"जागा काय," ते ओळींतले खिळे सुटे करू लागले, "करावी लागते."

ओळी जुळल्या. शाई माझी, पेपरही माझाच. त्यातल्या कोऱ्या समासावर मामांनी बातमी दाबून उठवली आणि ठकीचं बोट धरून सोम्याच्या नावावर टेकवलं. तिनं कागद फुंकून वाळवला, पदराच्या गाठीला बांधला आणि गेली.

मामा खिळे सुटे करून डब्यात भरू लागले. मग एक खिळा चिमटीत धरून मला दाखवत म्हणाले, "रघूचा घ उरला बघा. सोम्याला लागलाच नाही."

तो त्यांनी पुसून परत डब्यात ठेवला.