सतरा डोळे आणि एक चिमूट

सूनबाई तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला निघाली, तेव्हा बॅग दारात होती, गाडी खाली उभी होती आणि ती स्वतः फिशटँकपुढे उकिडवी बसली होती.

"बाबा, एवढं लक्षात ठेवा," ती म्हणाली. "सकाळी माशांना एक चिमूट खाणं. संध्याकाळी दिवे मंदावले की या चॅलिस कोरलला नळीने कोळंबीचा चुरा, अगदी थोडा. त्याला उचलून वर उजेडात ठेवायचं नाही. आणि बाजूच्या कोरलपासून चार बोटं लांबच असू द्या, शेजारी जवळ आला की डसतं ते."

"आमच्या जुन्या घरमालकासारखं," मिनिटकाका म्हणाले.

सूनबाई हसली आणि खालच्या फळीवरच्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवून घाईघाईने म्हणाली, "खाणं टाकायचं हे यंत्र नेमकं आताच बिघडलंय. नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता." हे बोलताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण गाडीवाला हॉर्न वाजवत होता, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिनिटकाका हे नाव त्यांना जुन्या गल्लीने दिलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. आलेल्या गिऱ्हाइकाला 'हे होत नाही' असं त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं, आणि याचा त्यांना वाजवीपेक्षा जरा जास्तच अभिमान होता. बायको गेली, नजर अधू झाली, तसं गेल्या वर्षी दुकान बंद करून ते मुलाकडे राहायला आले. तेव्हापासून त्यांना एकच काम उरलं होतं, ते म्हणजे बसणं. पाणी भरायला उठले की मुलगा म्हणे, "बाबा, तुम्ही बसा." भाजी चिरायला घेतली की सून म्हणे, "बाबा, तुम्ही बसा." दारावरची घंटा वाजली तरी त्यांच्याआधी दुसराच कोणीतरी उठे. सगळे प्रेमानेच म्हणत, म्हणून तर तक्रारही करता येत नव्हती.

त्यामुळे फिशटँक सांभाळणं हे या घराने त्यांच्या हाती दिलेलं पहिलं काम होतं. ते बिघडलं तर दुसरं मिळणार नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

चॅलिस म्हणजे बशीएवढं एक कोरल, जिवंत प्रवाळ. ते खालच्या कपारीत आडवं पसरलेलं असे. निळ्या दिव्यात त्याची पाठ तांबूस दिसे आणि तिच्यावर हिरवेगार डोळे चमकत. डोळे सतरा. सूनबाई दंतवैद्य असल्यामुळे ते डोळे नसून तोंडं आहेत असं बजावून सांगे, पण काकांचा विश्वास बसत नव्हता. सतरा तोंडं असती तर एखादं तरी बोललं असतं. ते नुसतं बघत बसायचं, आणि बसून राहणाऱ्याविषयी काकांना अलीकडे आपुलकी वाटू लागली होती.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी काकांची नजर त्या पांढऱ्या डबीवर गेली. 'बिघडलंय' हा शब्द त्यांच्या कानात दोन दिवस डासासारखा गुणगुणत होता. शेवटी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा काढला आणि डबी उघडली. आतला बिघाड बघून त्यांना हसूच आलं. सेल आणि पितळी पट्टी यांच्यामध्ये कागदाची एक बारीक घडी अडकली होती, बाकी यंत्र ठणठणीत. कारखान्यातल्या कोणा वेंधळ्याने ती तशीच ठेवली असणार, असा निकाल देऊन त्यांनी कागद काढला. घड्याळजी काही टाकून देत नाही, म्हणून तो स्क्रूंच्या डबीत ठेवला. सेल बसवताच यंत्र घरघरलं आणि ठरल्या वेळी खाणं टाकू लागलं.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की यंत्र चालू झालं, चिमूट बंद करावी. पण काका घड्याळजी होते. दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस नजरेखाली ठेवायचं आणि तोवर वेळ आपल्या घड्याळात पाहायची, हा त्यांच्या दुकानाचा नियम होता. म्हणून यंत्र नजरेखाली राहिलं आणि चिमूटही चालू राहिली. शिवाय यंत्रावर सगळं सोपवलं असतं तर काकांनी काय केलं असतं? पुन्हा बसले असते.

आठ दिवसांत मासे गुबगुबीत झाले. काचेवर हिरवट थर चढला, पाणी धुरकट झालं आणि चॅलिस रुसलं. त्याच्या कडेचा रंग विटला, मांस आक्रसलं. काकांनी भिंग लावून डोळे मोजले. पंधरा भरले. पुन्हा मोजले तर चौदाच.

त्याच संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. तिने रोजच्यासारखं विचारलं, "डोळे किती, बाबा?" तिने त्यांच्यासाठी तोंडांना डोळे म्हणायला सुरुवात केली होती.

"सतरा," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चुकीचा आकडा सांगितला होता.

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण काकांचं खोटं धावायलाच लागलं. दुसऱ्या दिवशी तिने कडेला नवा डोळा येतोय का विचारलं, तेव्हा त्यांना 'नाही' म्हणवेना. अठरा झाले. तिला इतका आनंद झाला की पुढच्या दोन दिवसांत काकांनी आणखी दोन देऊन टाकले. नुसता आकडा कोरडा वाटू नये म्हणून ते तपशील सांगू लागले. नवा डोळा डावीकडे आहे, जरा लाजरा आहे, निळा दिवा लागला की आधी तोच चमकतो. इकडे घरातलं चॅलिस दिवसेंदिवस वाळत होतं आणि फोनवरचं चांगलं बाळसं धरत होतं.

मग एके दिवशी सूनबाई म्हणाली, "बाबा, एक फोटो पाठवा ना."

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर जाताच त्यांनी ट्यूबलाइट लावून चॅलिसचा एक फोटो काढला आणि फिशटँकवाल्याचं दुकान गाठलं. अगदी अस्संच पण जास्त डोळ्यांचं कोरल त्यांना बघायचं होतं. दुकानदाराने फोटो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला.

"काका, ही बशी आहे का?"

"चॅलिस आहे."

दुकानदाराने समजावलं की पांढऱ्या उजेडात ही सगळी अशीच मळकट दिसतात, खरा रंग निळ्या दिव्यातच कळतो. आणि चॅलिस हे आडनाव समजा, त्यात घरं पुष्कळ. कोणाची पाठ खरखरीत, कोणाची गुळगुळीत, कोणाचे डोळे दाट, कोणाचे विरळ. जाणकारांचंही एका नावावर एकमत होत नाही. काकांनी खिशातून भिंग काढलं आणि काचेला नाक लावून दुकानातल्या चॅलिसांचे डोळे मोजायला बसले. एकाला अकरा होते, एकाला तीसच्या वर. तांबूस पाठीचं एक सापडलं, त्याला बावीस. काकांनी वीस सांगितले होते. पण कमी पडण्यापेक्षा दोन जास्त परवडले, म्हणून त्यांनी त्याचाच फोटो काढून तिला पाठवला. त्या संध्याकाळच्या फोनवर घरच्या चॅलिसला एकदम दोन डोळे फुटले.

सूनबाईचं उत्तर एका शब्दात आलं. "छान."

पण त्या दिवशी दुकानातून निघतानाच काकांचं मन त्यांना खात होतं. त्यांनी दारातून परत फिरून खरं काय ते सांगितलं.

"खाणं किती देता?" दुकानदाराने विचारलं.

"एक चिमूट. ठरल्याप्रमाणे."

"बस, तेवढंच?"

"तेवढंच. आणि यंत्र टाकतं ते वेगळं."

दुकानदाराने हातातलं फडकं खाली ठेवलं. "काका, दोन ठिकाणचं जेवण झालं की हो हे. उरलेलं सडतं आणि पाणी बिघडतं. त्या बिचाऱ्याचं काही चुकलेलं नाही."

चूक चॅलिसची नव्हती हे काकांना पटलं, आणि मग ती कोणाची हेही पटायला वेळ लागला नाही. ज्या दुरुस्तीवर ते मनातल्या मनात फुशारकी मारत होते, तिनेच घात केला होता. घरी जाऊन त्यांनी यंत्र बंद केलं. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मोजून समुद्री मीठ कालवून रोज थोडंथोडं पाणी बदललं. सूनबाईच्या खणात नवे टूथब्रश ढिगाने होते, त्यातला एक घेऊन ते काच घासत बसले. दिवे मंदावले की चौदा डोळ्यांपैकी जो उघडा दिसेल त्याला नळीने चुऱ्याचा एक कण देत आणि हलक्या आवाजात म्हणत, "घे रे, बाबा. तू सुधारलास तर माझंही काहीतरी होईल."

तीन आठवडे संपले. सूनबाई घरात आली, चपला काढल्या आणि थेट फिशटँकपुढे जाऊन बसली. काका मागे उभे राहिले. पाणी निवळलं होतं, काच लखलखत होती. चॅलिस मात्र कडेने फिकट होतं, आणि त्याच्यावर कितीही उदार मनाने मोजले तरी चौदाच डोळे होते.

"मी यंत्र दुरुस्त केलं," काका म्हणाले. "आणि चिमूटही चालू ठेवली. फोटो दुकानातला होता. आकडे माझ्या मनातले होते. तुझं कोरल मी बिघडवलं, सूनबाई."

तिने मागे वळून विचारलं, "यंत्रात कागदाची घडी होती?"

"होती. कारखान्यातली."

"कारखान्यातली नाही. मी घातली होती."

काकांना आधी नीट कळलंच नाही. जे कळलं ते त्यांच्या आयुष्यभराच्या धंद्याविरुद्ध होतं.

"चालतं यंत्र तू बंद पाडलंस?"

"तुम्ही दिवसभर घरात एकटे असता," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज जरा ओलसर झाला होता. "आम्ही दोघं उठता बसता तुम्हाला बसा म्हणतो. मला वाटलं, रोज कोणीतरी तोंड उघडून तुमची वाट बघत असावं. तुम्ही ते दुरुस्त कराल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं आलं नाही, कोण जाणे."

काकांनी विचारलं, "आणि फोटो?"

"कोपऱ्यात दुकानाची पाटी दिसत होती. 'काचेवर टकटक करू नये' अशी."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? चॅलिसला एक तोंड फुटायला महिने लागतात, तुमच्याकडे दोन दिवसांत दोन फुटत होती. मला अठराव्यालाच कळलं होतं." ती हसली आणि ओढणीने डोळे पुसले. "पण बाबा, या घरात आपण 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' एवढंच बोलायचो. फोनवर तुम्ही वीस वीस मिनिटं बोलत होतात. तो लाजरा डोळा सांगितलात त्या दिवशी मी क्लासला उशिरा गेले."

काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि दोघं मिळून चौदा डोळे मोजू लागले. काचेजवळून पाहताना सूनबाईला कडेला एक हिरवा ठिपका दिसला. काकांनी भिंग लावून खात्री केली. ठिपका खरा होता. तो डावीकडेच होता.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तोवर काका आपलं सामान घेऊन टेबलाशी बसले होते. स्क्रूंच्या डबीतून त्यांनी ती कागदाची घडी काढली, चिमट्यात धरली आणि सेल आणि पट्टीच्या मधोमध अलगद बसवली. असलं काम त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. मग झाकण लावून त्यांनी डबी खालच्या फळीवर ठेवली.

"झालं का ते यंत्र, बाबा?" मुलाने विचारलं.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"नाही रे," मिनिटकाका म्हणाले. "हे काही होत नाही."

आणि दिवे मंदावायची वेळ झाली, म्हणून नळी घेऊन उठले.