सार्जंट बाईंच्या नावाचा परवाना

बायकोला न विचारता एखादा सरकारी फॉर्म आपल्यालाही भरता येतो, हे एकदा दाखवून द्यावं, असं डेल्बर्ट यान्सीच्या मनात आलं. बस्स, तिथेच घोळ झाला.

डेल्बर्ट बायकांचे केस कापायचा आणि रंगवायचा. हात सोन्याचा. पण त्याची बायको डेल्फीन सैन्यात सार्जंट, ट्रक दुरुस्तीच्या विभागात. दर दोन-तीन वर्षांनी तिची बदली व्हायची आणि डेल्बर्ट कात्र्या गुंडाळून मागे मागे जायचा. तिकडे केस कापायलाही सरकारी परवाना लागतो, आणि प्रत्येक राज्याचा वेगळा. जॉर्जियातला टेक्सासमध्ये चालायचा नाही, टेक्सासचा वॉशिंग्टनमध्ये. एका ठिकाणी तर परवाना हातात पडला आणि त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. (त्या परवान्यावर त्याने एकूण तीन डोकी कापली. त्यातलं एक स्वतःचं.)

कॅन्ससमध्ये आल्यावर मात्र त्याला कळलं, की सैनिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला जुन्या परवान्यावरून इथे लगेच नवा मिळतो. पुन्हा परीक्षा नाही, महिनोन्महिने वाट बघणं नाही.

"मी भरू का?" डेल्फीनने विचारलं.

"अगं, चार रकाने तर आहेत! तू तुझे ट्रक बघ."

चारच रकाने होते. त्यातल्या पहिल्यातच डेल्बर्ट अडकला. 'अर्जदाराचं नाव.' आता सवलत मिळते ती सैनिकामुळे, तेव्हा अर्ज सैनिकानेच करायचा असणार, असा त्याने डोकं चालवून विचार केला आणि ऐटीत लिहिलं: डेल्फीन यान्सी. खाली 'जोडीदार' म्हणून स्वतःचं. सोबत जोडलेल्या जुन्या परवान्यावर नुसतं 'डी. यान्सी' छापलेलं. मग कार्यालयातल्या माणसांना तरी शंका कशी यावी?

दहाव्या दिवशी परवाना आला. डेल्बर्टने तो न वाचताच चौकटीत बसवला आणि मॅक्सीन ओडम बाईंच्या सलूनमध्ये आरशाशेजारी टांगला. मॅक्सीनबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर. त्यातून दिवस असा, की नऊ महिने परदेशी असलेली पलटण संध्याकाळी परत येणार होती. गावातल्या बारा बायकांनी वेळा घेऊन ठेवल्या होत्या. नऊ महिन्यांनी नवरा भेटणार, तर डोक्यावर काहीतरी धड हवं ना!

पहिल्याच बाई विनिफ्रेड हॅच. डेल्बर्टने त्यांच्या केसांना तांबूस रंग लावला, चांदीच्या कागदात गुंडाळला आणि घड्याळ लावलं. तेवढ्यात परवाना कार्यालयाच्या तपासनीस बाई आल्या. थर्लो त्यांचं नाव. त्यांनी भिंतीवरचा परवाना वाचला, मग डेल्बर्टकडे पाहिलं, मग पुन्हा परवाना वाचला.

"डेल्फीन यान्सी कोण?"

"माझी बायको."

"त्या कुठायत?"

"ट्रकखाली."

"अरे देवा! अपघात?"

"नाही हो, नोकरी!"

थर्लोबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे परवाना त्यांना, आणि कात्री तुमच्या हातात. खाली ठेवा ती. नाव दुरुस्त होईपर्यंत कोणाच्या केसाला हात लावायचा नाही."

"पण माझा रंग!" हॅचबाई किंचाळल्या. "वीस मिनिटांत धुवायचाय ना? नवरा मला नऊ महिन्यांनी बघणार, तो गाजर म्हणून?"

डेल्बर्टने मॅक्सीनबाईंकडे पाहिलं. मॅक्सीनबाईंनी प्लास्टरचा हात वर करून दाखवला. बारा वेळांचं पान पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होतं. शेवटी त्याने बायकोला फोन लावला, आणि तो लावताना आपण किती लहान झालो आहोत, हे त्याला अगदी स्पष्ट जाणवलं.

"डेल्फीन, जरा चूक झालीय."

"कुठल्या रकान्यात?" ती म्हणाली.

बारा मिनिटांत सार्जंट यान्सी हजर. गणवेशावर तेलाचे डाग, कानाशी फोन. परवाना कार्यालयातल्या बाईंना ती वाटेतच सगळं सांगून झाली होती.

"आता यांचं डोकं कोण धुणार?" मॅक्सीनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी थर्लोबाईंकडे पाहिलं. थर्लोबाईंनी छताकडे पाहिलं. "नुसतं पाण्याने धुवायला परवाना लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही नाही हं, मिस्टर यान्सी. तुमचा हात लगेच कात्रीकडे जाईल."

डेल्फीनने बाह्या सरसावल्या.

"कोमट पाणी," डेल्बर्ट लांबून सांगू लागला. "मागून पुढे. अगं, हळू! ते इंजिन नाहीये!"

"तू गप्प बस. बाई, मान सैल सोडा. दुखतंय का?"

"नाही गं," हॅचबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटले होते. "काल रात्रभर झोप नाही. तो कसा दिसत असेल, पोरं त्याला ओळखतील का..."

"ओळखतात," डेल्फीन म्हणाली. तिचे हात आता खरंच हळू फिरत होते. "मी परत आले तेव्हा हा स्टेशनवर दुसऱ्याच बाईला मिठी मारायला निघाला होता. तरी शेवटी ओळखलंच."

हॅचबाई इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी हसण्याचंच होतं का, हे कोणी विचारलं नाही.

रंग सुरेख उतरला होता. पाऊण तासात कार्यालयातून फोन आला: सैनिकाच्या घरचं काम, म्हणून कागद लगेच वर काढला, नाव दुरुस्त झालं. थर्लोबाईंनी सलूनच्याच प्रिंटरवर आपल्या हाताने नवा परवाना छापून चौकटीत घातला आणि जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या वेळी फॉर्म बायकोला भरू द्या."

मग डेल्बर्ट जो उभा राहिला, तो संध्याकाळपर्यंत बसला नाही. बाराही बाया नटून पलटणीच्या बसपाशी वेळेवर पोचल्या. मिस्टर हॅच बसमधून उतरले ते बायकोकडे बघतच राहिले, असं मॅक्सीनबाईंनी रात्री फोनवर सांगितलं. डेल्बर्टची छाती दोन इंच फुगली.

सकाळी तो शीळ घालत सलूनमध्ये आला. मॅक्सीनबाईंच्या वहीत त्या आठवड्याची पानं भरून गेली होती. बहुतेक नावं कालच्याच बायकांची. आपल्या हातातली जादू अखेर गावाला कळली तर, म्हणून त्याने कौतुकाने पहिली नोंद वाचली.

'मिसेस हॅच. डोकं धुवायला सार्जंट बाईच हव्यात. कापायला कोणीही चालेल.'