सेनापतीला थंडी वाजते

दुपारी गेमची नवी आवृत्ती लोकांच्या हाती पडली आणि चहा संपायच्या आत मालकांनी दाढीवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. दाढीवाला या कंपनीत गेममधल्या पात्रांचे कपडे शिवायचा, अर्थात कॉम्प्युटरवर. ही त्याची चौथी नोकरी. "आता इथून काही मी हलत नाही," असं त्यानं बायकोला नुकतंच छातीठोकपणे सांगितलं होतं. केबिनमधल्या मोठ्या पडद्याकडे नजर गेली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पडद्यावर बर्फाळ रणांगण होतं. त्यात गेमचा नायक, झुपकेदार मिशांचा सेनापती, अंगावर चामड्याच्या दोन पट्ट्या आणि पायांत उंच टाचांचे बूट घालून उभा होता. तो कंबर लचकवत शत्रूच्या दिशेनं निघाला, मध्येच थांबला आणि खांद्यावरून मागे वळून गोड हसला. कॅमेरा त्याच्या घोट्यांपासून सावकाश वर चढू लागला, तेव्हा मालकांनी डोळे मिटून घेतले. शेजारून राणी ढांगा टाकत गेली. ती गळ्यापासून पायांपर्यंत पोलादात होती.

"हे काय आहे?" मालकांनी विचारलं.

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात, बायकांचा मान म्हणून राणीला पहिला नंबर द्या, सेनापतीला दुसरा."

"मग?"

"दिला. पण कपडे, चाल, कॅमेरा, सगळं नंबराला बांधलेलं असतं. माणसं हलली, कपडे जागच्या जागी राहिले. माझ्या लक्षातच आलं नाही."

"अरे, पण याचं पोट उघडं आहे. कोणीही येऊन भाला खुपसेल. आणि बर्फात टाचा? याला थंडी नाही वाजणार?"

कोपऱ्यात टेस्टरबाई बसल्या होत्या. गेम बाहेर जाण्याआधी तो खेळून चुका काढणं हे त्यांचं काम. ही आवृत्ती मात्र मालकांनी घाईघाईत परस्परच सोडली होती. "साहेब, राणीबद्दल मी दर महिन्याला हेच विचारत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणायचात, गेम आहे, गेमसारखा घ्या."

"ती गोष्ट वेगळी." मालकांनी पडद्याकडे पाठ फिरवली.

एव्हाना तक्रारींचा भडिमार सुरू झाला होता. 'आमच्या सेनापतीची अब्रू गेली' हा त्यातला सौम्य सूर. खेळाडूंना आपणच समजावतो म्हणून मालकांनी हेडफोन चढवला आणि स्वतः मैदानात उतरले. ते रोज संध्याकाळी 'रणशार्दूल' या नावानं सेनापती होऊन खेळत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. गेममध्ये एखाद्या बाईचा आवाज आला रे आला की "ताई, भांडी घासून झाली का?" असं हा रणशार्दूल हमखास विचारायचा, हेही ठाऊक होतं.

"मित्रांनो, जरा शांत राहा," मालक म्हणाले.

"ए मिशीवाले, वळून दाखव की जरा," स्पीकरवर कोणीतरी म्हणालं.

"एवढा नटूनथटून एकटाच निघालास?" दुसरा म्हणाला.

"तोंड सांभाळून बोला."

"रागावलास की आणखी छान दिसतोस."

मालकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कान लालबुंद झाले होते. "मी यांना काहीसुद्धा बोललो नव्हतो."

"आम्ही पण काही बोललेलो नसतो," टेस्टरबाई म्हणाल्या.

दाढीवाल्याला मनापासून लाज वाटली. त्या पट्ट्या त्याच्याच हातच्या होत्या. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, कारण मालक आता त्याच्याकडेच वळले होते. "उद्यापासून तू येऊ..." एवढं म्हणेपर्यंत फोन वाजला. एका वर्तमानपत्राची बाई बोलत होती. सगळे सेनापतीला सोडून राणी घेऊन खेळतायत, बायकांना काय सोसावं लागतं ते पुरुषांना कळावं म्हणून तुम्ही हे मुद्दाम केलंत का, असं ती विचारत होती.

मालकांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "अर्थात मुद्दाम. ही चूक नाही, धोरण आहे."

धोरण राबवणाऱ्याला काढता येत नाही, त्यामुळे दाढीवाल्याची नोकरी वाचली. सेनापतीला त्याचं चिलखत परत मिळालं, राणीचं तिच्याकडेच राहिलं आणि मालकांना स्त्रीसन्मानाचा पुरस्कार मिळाला. टेस्टरबाईंना स्टेजवर बोलावण्यात आलं, पुष्पगुच्छ धरायला. गुच्छ देता देता त्यांनी माइकसमोरच विचारलं, "साहेब, त्या पट्ट्या आता रिकाम्या पडल्यात. जो खेळाडू बायकांना वेडंवाकडं बोलेल, त्याच्या सेनापतीला दिवसभर घालायला देऊ या का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्यावर मालकांना काहीही कबूल असे. "आजपासूनच," ते गरजले.

दाढीवाल्यानं त्याच दुपारी गेममध्ये पट्ट्यांची सोय केली. आलेल्या तक्रारी तपासायचं काम टेस्टरबाईंनी मागून घेतलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. संध्याकाळी दाढीवाला बायकोबरोबर भाजी निवडत बसला होता, तेवढ्यात मालकांचा फोन आला. मागे शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"अरे, परत तोच घोळ झालाय. माझा सेनापती पट्ट्यांत उभा आहे. सगळे हसतायत."

"साहेब, कोणाला भांड्यांचं काही विचारलंत का?"

मालकांनी आवाज खाली आणला.

"गंमत केली रे. तू आधी ही चूक दुरुस्त कर बघू."

"चूक नाही, साहेब," दाढीवाला नम्रपणे म्हणाला. "धोरण आहे."