खडूचा रंग आणि सिद्रामअण्णा

आमच्या सोसायटीतले सिद्रामअण्णा कुणाच्याही घरी गेले की लगेच खुर्चीवर बसत नाहीत. आधी चष्मा काढून खिशात ठेवतात, वाकून खुर्चीवरून हात फिरवतात आणि मग यजमानाला निकाल सांगतात, "पॉलिश खोटं बोलतंय हिचं. वरनं राणी, आतनं भुसा." आमच्या नव्या सोफ्याबद्दल ते हे बोलले तेव्हा माझी बायको चहा घेऊन मागेच उभी होती. चहा त्या दिवशी जरा उशिरा मिळाला.

अण्णा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात डबे रंगवायचे. निवृत्त झाल्यावर सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. घरात ते आणि त्यांची बायको, गौराक्का. अक्का बाहेर दिसत नसत. त्यांना बरं नसतं एवढंच आम्हाला ठाऊक. अण्णा मात्र सदा पार्किंगमध्ये. बोलता बोलता कानडीत शिरायचे. मी घरचं टेबल रंगवायला काढलं तेव्हा ब्रश जोरात चालला की ओरडायचे, "निधान, निधान!" मला पहिले दोन दिवस वाटलं, आमच्या टेबलात गुप्तधन आहे. मग कळलं, कानडीत निधान म्हणजे सावकाश.

त्या टेबलापासूनच सगळं सुरू झालं. सासऱ्यांनी दिलेलं शिसवी टेबल काळंकुट्ट पडलं होतं. मी मोबाईलवर पाहून चॉक पेंटचा डबा मागवला. खडूची पूड घातलेला रंग. जुनं पॉलिश न घासता थेट लावायचा, वाळला की शाळेतल्या फळ्यासारखा मंद दिसतो, वरून मेण चोळायचं की झालं. मी हे अण्णांना उत्साहाने सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"न घासता रंग? म्हंजे तोंड न धुता पावडर की ओ!"

उभा जन्म डबे घासण्यात गेलेला माणूस तो. दुपारभर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र वाटी घेऊन दारात. "थोडा द्या. नावं ठेवायची तरी वापरून ठेवावी."

त्या वाटीभर रंगाने अण्णांना वेड लावलं. आठवडाभरात पार्किंगच्या भिंतीला फळ्या टेकल्या, त्यांच्यावर नंबर पडले. काही फळ्यांना माझ्या डब्यातला रंग, काहींना अण्णांनी घरी पीओपी कालवून केलेला. त्यावर तीन जातींची मेणं: मधमाशांचं, दुकानातलं पातळ, आणि मेणबत्त्या वितळवून केलेलं. प्रत्येक फळीवर चहा सांडायचा, हळद चोळायची, शेंगाचटणीचं तेल टाकायचं आणि वहीत लिहायचं. "तीन नंबर हळदीला भ्याली," असं ते मला जिन्यात थांबवून सांगत.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण अण्णा जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून फळ्यांपुढे उभं करायचे. "डोळे झाका. आता हात लावा. कंची हाय सांगा." दूधवाला, पोस्टमन, इस्त्रीवाली, कुणाची सुटका नाही. दूधवाला इतका तयार झाला की बोट टेकवताच म्हणायचा, "पाच. मधमाशी. दोन हात." अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारायचे.

मग उन्हाळा आला. सोलापूरचं ऊन, सावलीतसुद्धा वारा चटका देतो. सोसायटीच्या अध्यक्षबाई पार्किंग मोकळं करा म्हणून सांगायला आल्या आणि बोलता बोलता तिथल्या एका स्टुलावर टेकल्या. स्टूल मेणबत्तीवालं. उठल्या तेव्हा स्टूलही थोडं उठलं, आणि त्यावर अंथरलेलं वर्तमानपत्र त्यांच्या साडीला चिकटून चाललं. अण्णा मागून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "म्याडम, मेणबत्ती बाद. लई उपकार झाले."

सोसायटीने नोटीस काढली. आठ दिवसांत फळ्या हलवा.

मला वाईट वाटलं. फळ्या वर गच्चीवर नेऊ, मी अध्यक्षबाईंशी बोलतो, हे सांगायला मी अण्णांच्या घरी गेलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. दार उघडं होतं. आत पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबलो.

घरातलं एकही लाकूड जुन्या रंगात नव्हतं. पांढऱ्या भिंतीपुढे हळदीसारखं पिवळं कपाट. निळी खुर्ची. स्वयंपाकघराच्या दाराशी लाल फडताळ. कशालाच चकाकी नाही. आणि गौराक्का कपाटाच्या कडेवरून बोटं फिरवत उभ्या होत्या.

"काचबिंदू," अण्णा हळूच म्हणाले. "गेलं ते गेलं म्हणाले डॉक्टर. राहिलंय ते औषधानं टिकंल. पर पॉलिशवर ट्यूबलाइट चमकली की तिला समदं पाणी सांडल्यावानी दिसायचं. कपाट कुटं संपतंय, वाट कुटं हाय, कळंना. दोनदा पडली. मग खाटेवरनं उठायचंच सोडलं तिनं."

म्हणून मंद रंग. म्हणून प्रत्येक वस्तूला वेगळं मेण: खुर्चीच्या हातांना मधमाशांचं, तीनदा घोटून गुळगुळीत, औषधांच्या कपाटाला पातळ एकच हात, खडूचा कण बोटाला लागेल असा. फडताळाचं तेवढं ठरायचं होतं.

मी अध्यक्षबाईंना खाली घेऊन गेलो. त्या अक्कांशेजारी बसल्या, कपाटाला हात लावून पाहिला आणि बाहेर येऊन फलकावरची नोटीस स्वतःच काढून टाकली.

श्रावण लागता लागता एका संध्याकाळी अण्णा स्वतःच्या दाराबाहेर पायरीवर बसलेले दिसले. मी शेजारी टेकलो.

"बाहेर का?"

"हाकललंय मला. च्या करती म्हणली. दोन वर्षांनी."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. अण्णा अर्धे उठले. आतून लगेच आवाज आला, "बरब्याड्री! येऊ नका म्हणलंय की!"

अण्णा बसले. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"दिसाला चाळीस हाका असायच्या," ते म्हणाले. "अहो, पाणी कुटं हाय. अहो, दार कुटं हाय. आज सकाळधरनं एक न्हाई."

"वाईट वाटतंय?"

"छे हो. लई बरं वाटतंय." त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "पर कानाला सवय हुती की."

थोड्या वेळाने गौराक्का आल्या. हातात ताट होतं, म्हणून कोपर फडताळाला, मग कपाटाला घासत, एकेक पाऊल टाकत दारापर्यंत पोचल्या. ताटात तीन कप होते. माझा आवाज त्यांनी ओळखला होता.

मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून मला गप्प केलं, कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला आणि बायकोपुढे धरला.

"गौरा, अजून अर्धा मिळंल का?"