फरसाणाच्या कारखान्यात फुलपाखरं

"परब, आपल्या धंद्यामुळे किडामुंगीला किती त्रास होतो, ते मोजायचंय म्हणे. कोण मोजणार?" नंदकिशोर शेठ केबिनच्या दारातूनच ओरडले.

सुपरवायझर निहार परबने हातातली वही मिटली. जोगेश्वरीच्या या फरसाणाच्या कारखान्यात 'कोण'चं उत्तर कायम तोच असे. परदेशातल्या एका बड्या कंपनीला शेठची तिखट शेव आवडली होती. पण ऑर्डरआधी या धंद्याचा जैवविविधतेवर होणारा परिणाम त्यांना मोजून हवा होता. त्यासाठी मधुवंती नावाच्या तज्ज्ञ बाई सोमवारी येणार होत्या.

निहार आवारभर फिरला. पेस्ट कंट्रोलवाले इतके इमानदार, की साधी मुंगी दिसेना.

"शून्य? झकास!" शेठ खूश झाले.

"सर, शून्य म्हणजे आपण सगळ्यांना मारलं, असं होतं ते."

शेठचा चेहरा उतरला. "मग वाढव ना! सोमवारी दिसले पाहिजेत. ऑर्डर गेली तर पहिला तू घरी बसशील."

निहारने पेस्ट कंट्रोल थांबवलं, खिडक्या उघडल्या आणि गोराईहून टेम्पोभर फुलझाडं मागवली. पेंढ्यात गुंडाळलेल्या कुंड्या गोदामाच्या भिंतीला लागल्या. फुलपाखरं आली तेव्हा त्याला हायसं वाटलं. मग मधमाश्या आल्या. मग उंदीर आले आणि हायसं वाटणं बंद झालं.

"परब सर," पॅकिंग सांभाळणारी दर्शना म्हणाली, "शेवेच्या परातीत बुलबुल बसलाय. पगारावर घेतलाय की रोजंदारीवर?"

सोमवारी गाडीतून मधुवंतीबाई उतरल्या आणि त्यांच्यामागून एक आंबट चेहऱ्याचे गृहस्थ.

"हे राणे. आमचेच. कारखान्याची स्वच्छता तपासतात," बाई म्हणाल्या. "म्हटलं, एकाच गाडीत येऊ."

एकीला भरपूर जीव दाखवायचे होते आणि दुसऱ्याला एकही दिसता कामा नव्हता. निहारने दर्शनाला बाजूला घेतलं.

"साहेबांना आत ने. खिडकीकडे बघू देऊ नको. मी मॅडमना बागेत अडकवतो."

"आणि बुलबुल?"

"हाकल त्याला, यार!"

तो बाईंना झेंडूवरची फुलपाखरं दाखवतोय तोच आतून किंकाळी आली. दोघं धावले. पॅकिंगच्या टेबलावर लांबलचक धामण पसरली होती. गोराईच्या पेंढ्यातून आलेल्या तिला उंदरांचा वास लागला असावा. राणेसाहेब बेसनाच्या पोत्यांवर चढून उभे होते. किंकाळी त्यांचीच होती.

मधुवंतीबाईंनी धामण अलगद उचलून रिकाम्या गोणीत सोडली. "बिनविषारी आहे. घाबरू नका."

मागोमाग धावत आलेल्या शेठनी संधी साधली. "बघा मॅडम! आमच्याकडे किती जैवविविधता!"

"साफसफाई होईपर्यंत इथून एक पाकीट बाहेर जाणार नाही!" पोत्यांवरून आवाज आला.

बाई मात्र गोंधळल्या होत्या. "शेठ, हे सगळं कशासाठी? मी आवारातले प्राणी मोजायला आलेच नाही. तुमचं पामतेल कुठून येतं?"

शेठनी निहारकडे बोट केलं. निहार म्हणाला, "व्यापारी म्हणतो, सुमात्राहून."

"मग तिथे त्या लागवडीसाठी जंगल तोडलं का, किती जीव उरले, ते बघावं लागेल. तुमच्या शेवेचा खरा परिणाम तिथे आहे. ते कळल्याशिवाय ऑर्डरचं काही सांगता येणार नाही."

निहार मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधू लागला होता. तेवढ्यात शेठ त्याच्याकडे वळले.

"परब, पासपोर्ट आहे ना तुझा?"

"आहे... पण सर, तिथे वाघ असतात."

"खरे वाघ?" दिवसभरात पहिल्यांदाच शेठचा चेहरा उजळला. "मग बघत काय बसलायस? जा, मोजून ये!"