सात जणांची ना-हरकत

सकाळी अकरा वाजता कॉम्प्युटरने कल्पिताला बजावलं, की हे डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल. लिफ्टचं ड्रॉइंग चारच्या आत मुलुंडच्या बिल्डरकडे गेलं नाही तर ऑर्डर जाणार होती, आणि ऑर्डरच्या मागोमाग प्रोबेशनवरची कल्पिताही.

"ॲडमिनिस्ट्रेटर ना? मग ॲडमिनला जा ना!" मोबाइलमधून डोकं वर न काढता तिचे बॉस राजेशसर म्हणाले.

अंधेरीच्या त्या ऑफिसात ॲडमिन म्हणजे सुलक्षणा मॅडम. स्टेपलरच्या पिनांपासून रजेपर्यंत त्यांच्या सहीशिवाय काही हलत नसे. वर त्या बोरिवलीच्या आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीही होत्या.

"सॉफ्टवेअर टाकणार कुठे?"

"नेटवर्कवर, मॅडम. सगळ्यांचं शेअर्ड आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "शेअर्ड? म्हणजे कॉमन पॅसेजच की गं! सगळ्यांची ना-हरकत आण. उद्या कोणी म्हणालं, आमच्या दारात काय आणून टाकलंय, तर?"

कल्पिता कागद घेऊन सात जणांकडे फिरली. प्रत्येकाला म्हणाली, "दोन सह्या करा हं, एक खालच्या कागदावर."

शेजारच्या टेबलावरच्या प्रज्योतने अट घातली, "माझा कॉम्प्युटर स्लो झाला तर तुझा मी घेणार." शिपाई दशरथकडे कॉम्प्युटरच नव्हता. पण "वायर माझ्या टेबलाखालून जाते ना!" म्हणत त्यानेही ऐटीत दोन सह्या ठोकल्या.

अडीच वाजता शिक्क्यासकट परवानगीचं पत्र मिळालं. कॉम्प्युटर ढिम्म.

"कॅमेऱ्यासमोर धर," प्रज्योत म्हणाला. "शिक्का दिसू दे त्याला."

वैतागलेल्या कल्पिताने खरंच धरलं. काही नाही.

"वाट लागली यार!"

आपली परवानगी कोणी मानत नाही म्हटल्यावर मॅडम तावातावाने स्वतः आल्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अगं, हा तर पासवर्ड मागतोय!"

"हो ना! पण तो कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. कपाटात, सीलबंद पाकिटात. आधीचा कॉम्प्युटरवाला ठेवून गेलाय."

"मग सकाळीच का नाही दिलात?"

"तू परवानगी मागितलीस. पासवर्डचा अर्ज वेगळा. त्यालाही सात सह्या लागतील."

घड्याळात पावणेतीन. दशरथ नुकताच बँकेत गेला होता.

कल्पिताने शांतपणे ड्रॉवर उघडला. आतून सात सह्यांचा एक कागद काढला, वरच्या कोऱ्या जागेत चार ओळी लिहिल्या आणि मॅडमच्या हातात दिला.

"हे... हे कधी केलंस?"

"सकाळीच. माझे बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, मॅडम. सह्या घेताना खाली एक कोरा कागद ठेवायचा असतो."

चारला पाच मिनिटं असताना ड्रॉइंग गेलं. कल्पिताच्या टेबलाशी सुलक्षणा मॅडम अजून तो कागद हातात धरून उभ्याच होत्या. मग इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "काय गं, ॲडमिनमध्ये येतेस का?"