तिनसुकियाचा चंद्र

विट्याच्या मनुबाईंनी संकष्टीच्या सकाळीच गल्लीत जाहीर केलं, "आज उपास पावणेआठला सुटणार. ज्यांला नऊपतुर भुकं ऱ्हायचंय त्यांनी खुशाल ऱ्हावं."

बोलण्याला आधार होता. त्यांचा मुलगा जयराज आसामात तिनसुकियाला सोनं गाळायचं दुकान चालवायचा. गेल्या संकष्टीला पावणेआठलाच त्याचा फोन आला होता, "आई, चंद्र दिसला, जेवलो." विट्याचा चंद्र उगवायला तेव्हा अजून दीड तास होता आणि मनुबाईंच्या पोटात कावळे ओरडत होते. देश एक, घड्याळ एक, तरी पोरगं ढेकर देतंय आणि आई पंचांग बघत बसलीय, हे त्यांच्या फार मनाला लागलं.

"आत्या, आपली येळ नऊ चौदा हाय," सून प्रियदर्शनी म्हणाली. "तिकडं सूर्य बी लवकर मावळतो, चंद्र बी लवकर उगवतो."

"मग लवकरचा घिऊ की. चंद्र काय दोन हायत व्हय?"

संध्याकाळी गल्लीतल्या सात बाया ताटं घेऊन हजर झाल्या. मनुबाईंनी सुनेचा मोठा मोबाईल पाटावर तांब्याला टेकवून उभा केला, जयराजला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईलला कुंकू लावलं. ते नेमकं कॅमेऱ्यावर.

"आई, सगळं लालभडक दिसतंय," जयराज पलीकडून म्हणाला.

कुंकू पुसलं. तिकडं दाट धुकं होतं. जयराजनं गच्चीवरून मोबाईल फिरवला, तसा झाडांच्या शेंड्यावर पिवळा गोल दिसला. बायांनी हात जोडले.

"केवढा मोठा दिसतोय गं तिकडं," शेजारची सोनिया म्हणाली.

"आसामाला जवळ पडतोय त्यो," मनुबाईंनी समजावून सांगितलं.

"आई, थांब जरा," जयराज म्हणाला, "ह्यो चंद्र..."

तेवढ्यात मनुबाईंनी दुधाचं अर्घ्य दिलं. अगदी नेम धरून, मोबाईलच्या तोंडावर. पडदा काळा झाला.

"थांबा म्हणाले ते," प्रियदर्शनी म्हणाली.

"दूध घालाय थांब म्हणला आसंल. घातलं आता. वाढा."

सगळ्या जेवायला बसल्या. प्रियदर्शनी मात्र मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरत बसली. स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला बटनांचा फोन तीनदा वाजला. मनुबाईंच्या तोंडात मोदक होता. "कवतिक करायला करतोय," त्या म्हणाल्या. "भरल्या ताटावरनं कुणी उठायचं न्हाई." बघता बघता सगळे मोदक संपले.

चौथ्यांदा वाजल्यावर त्यांनी हात धुऊन फोन घेतला.

"आई, जेवली न्हाईस न्हवं? त्यो चहाच्या फॅक्टरीच्या टाकीवरचा दिवा हुता. चंद्र आत्ता कुठं धुक्यातनं वर आला."

फोनचा आवाज मोठा होता. साती बायांनी ऐकलं. एकीचा ढेकर अर्ध्यावरच थांबला. बावीस वर्षांत मनुबाईंची एक संकष्टी चुकली नव्हती आणि आज स्वतःच्या जोडीला त्यांनी अख्खी गल्ली बाटवली होती.

"मावशी," सोनियानं हळूच विचारलं, "मग आमचा उपास मोडला का सुटला?"

मनुबाईंनी फोन परत खुंटीला टांगला. "सुटला गं. पन फॅक्टरीच्या नावावर."

बाया रिकामी ताटं घेऊन जरा घाईनंच उठल्या.

नऊ चौदाला समोरच्या आप्पासोंच्या पत्र्यावर खरा चंद्र आला. प्रियदर्शनीनं पाण्याचंच अर्घ्य दिलं, कारण दूध संपलं होतं. हात जोडून आत आली तर सासूबाईंनी पुन्हा कढई ठेवलेली.

"आत्या, तुमी बसा, मी करते."

"गप बस. ह्या गल्लीत खरा उपास तुझ्या एकलीचा झालाय."

मनुबाईंनी अकरा मोदक तळले आणि पहिला गरमागरम आपल्याच तोंडात टाकला.

"मीठ बघतीया," सुनेकडं न बघता त्या म्हणाल्या.

मोदकात मीठ कवापासनं, हे काही प्रियदर्शनीनं विचारलं नाही.